गज, कात्री आणि पाचवी तार : जॉनी गिंबल

सारंगा_ऑस्टिन

लहानपणी पुण्यात सात वर्षं व्हायोलिन शिकले. म्हणजे आपल्या पद्धतीनं, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवून. भूप, दुर्गा, यमन. टेक्ससला आल्यावर ते वाद्य कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं ते गेलंच.

चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं ब्रोकन स्पोक नावाच्या डान्सहॉलमध्ये ओढत नेलं. १९६४ पासून चालू असलेली जागा. छत इतकं बुटकं की उंच माणसाची हॅट घासावी. सत्तरीतली जोडपी घड्याळाच्या उलट्या दिशेनं गोल गोल नाचत होती आणि स्टेजवर एक फिडलवाला वाजवत होता. मी सवयीनं त्याच्या हाताकडे बघत बसले. काहीतरी खटकत होतं. मग खुंट्या मोजल्या. पाच! मध्यंतरात जाऊन विचारलंच, बाबा रे, पाचवी तार कशाला? तो हसला आणि एकच नाव घेतलं. जॉनी गिंबल.

त्या नावामागे मी गेली चार वर्षं फिरतेय. मराठीत यावर कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा. एका बैठकीत संपणार नाही, प्रतिसादांत पुढे लिहीन.

जन्म ३० मे १९२६, टेक्ससच्या पूर्व भागातल्या टायलर गावचा. टायलर गुलाबांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. भाऊ भाऊ मिळून वाजवायचे. जॉनी बाराव्या वर्षी त्यांच्यात सामील झाला आणि पुढे यांनी बँडचं नाव ठेवलं 'रोझ सिटी स्विंगस्टर्स'. आपल्याकडे नाशिकच्या पोरांनी 'द्राक्षनगरी ब्रास बँड' ठेवावं तसं. स्थानिक रेडिओवर वाजवणं, लग्नाकार्यात वाजवणं. शाळा संपली आणि हा थेट शेजारच्या लुइझियाना राज्यात पोचला. तिथे जिमी डेव्हिस नावाचा गायक राज्यपालपदाची निवडणूक लढवत होता आणि प्रचारात भाषणापेक्षा गाणं जास्त! सोबत बँड. तो १९४४ मध्ये निवडून आलासुद्धा. (तिकडचा राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) कलापथकं घेऊन गावोगाव फिरणारे आपले जुने प्रचारदौरे आठवले मला.

मग महायुद्ध, लष्करात नोकरी, परत टेक्सस, परत रेडिओवरचे डान्स बँड. आणि १९४९ मध्ये तेविशीच्या पोराला बॉब विल्सच्या 'टेक्सस प्लेबॉइज'मध्ये जागा मिळाली. वेस्टर्न स्विंग वाजवणाऱ्यासाठी याच्या वर काही नव्हतं.

बॉब विल्स कोण, ते पुढच्या प्रतिसादात. पोळ्या करायच्या आहेत.

टिंबटिंब

पहिला! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पण एक बाळबोध शंका. फिडल आणि व्हायोलिन वेगळं असतं ना?

सारंगा_ऑस्टिन

नाही. वाद्य तेच. हातातलं गाणं बदललं की नाव बदलतं. काही फिडलवाले तारांखालची घोडी जरा सपाट तासून घेतात, म्हणजे एकदम दोन तारांवर गज फिरवणं सोपं जातं. बाकी लाकूड, पोट, मान सगळं तेच. आपल्याकडे नाही का, तेच पातेलं आमटीला एक आणि खिरीला दुसऱ्या नावानं ओळखतात.

खमाज

वेस्टर्न स्विंग म्हणजे नेमकं काय ते दोन ओळींत सांगता का? कंट्री म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गवताची काडी चघळणारा गिटारवाला येतो.

कापूसकोंड्या

ताई पोळ्या करेस्तोवर मी सांगतो. बॉब विल्सच्या नादाला मी वेगळ्याच वाटेनं लागलो, कापसाच्या. आम्ही यवतमाळकडचे, घरी कापूस. कापूस पिकवणाऱ्या मुलखांतली गाणी गोळा करायचा छंद लागला आणि त्यात हा माणूस सापडला.

जेम्स रॉबर्ट विल्स, जन्म ६ मार्च १९०५, टेक्ससमधल्या कॉसे गावाजवळ. बाप जॉन विल्स आसपासच्या मुलखात नावाजलेला फिडलवाला, स्पर्धा जिंकणारा. पण फिडलवर पोट भरत नाही, म्हणून कुटुंब कापूस वेचायला जायचं. १९१३ मध्ये ही मंडळी पश्चिम टेक्ससमध्ये, टर्की नावाच्या गावाकडे गेली. वेचणीला शेजारच्या ओळीत काळे मजूर. ते वेचता वेचता गायचे, ते ब्लूज. पोरानं बापाकडून फिडलच्या नाचाच्या चाली उचलल्या आणि वावरातून ब्लूज उचललं. बेसी स्मिथ या काळ्या ब्लूज गायिकेचं गाणं ऐकायला घोड्यावरून पन्नास मैल गेलो होतो, असं तो नंतर सांगायचा.

वेस्टर्न स्विंग म्हणजे या दोन गोष्टी, त्यात न्यूयॉर्क-शिकागोकडचं जॅझ, मेक्सिकन सीमेवरच्या चाली, जर्मन-चेक वसाहतींतला पोल्का, आणि सगळं नाचता येईल अशा ठेक्यात बांधलेलं. जॅझ बँडमध्ये जे काम ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा करतो, ते इथे दोन-तीन फिडल एकत्र, वेगवेगळ्या सुरांत करतात. खमाजराव, गवताची काडी नाही. सूट घालून, अठरा अठरा माणसं स्टेजवर, तिकीट काढून नाचायला आलेली शेकडो माणसं समोर.

आणि हो, फिडलवर पोट भरायला लागण्याआधी बॉब विल्स न्हावी होता. आधी न्यू मेक्सिकोत रॉय नावाच्या गावी आणि मग टर्कीत, हॅम्स बार्बर शॉपमध्ये. ताईंनी शीर्षकात कात्री लिहिलीय ती याचीच का?

सारंगा_ऑस्टिन

कात्री दोघांची आहे. गिंबलची नंतर येते. घाई करू नका.

कापूसकोंड्या, फार सुंदर लिहिलंत. पुढचा पट मी भराभर सांगते. बॉब विल्स १९२९ मध्ये फोर्ट वर्थला आला. तिथे पुढे एका पिठाच्या गिरणीनं स्वतःच्या मैद्याची जाहिरात करायला त्याचाच बँड रेडिओवर ठेवला, 'लाइट क्रस्ट डोबॉइज' या नावानं. नावच मैद्याचं. गिरणीचा मॅनेजर डब्ल्यू. ली ओ'डॅनियल हा त्याच प्रसिद्धीवर पुढे टेक्ससचा राज्यपाल झाला! विल्सचं दारूवरून त्याच्याशी फाटलं आणि १९३३ मध्ये नोकरी गेली. मग ओक्लाहोमातल्या तल्सा शहरात १९३४ पासून स्वतःचा बँड, दुपारी के.व्ही.ओ.ओ. रेडिओवरचा कार्यक्रम, रात्री केन्स बॉलरूममध्ये नाच. ही बॉलरूम अजून उभी आहे. मी जाऊन आले. लाकडी जमिनीवर उभी राहिले तर पायाखालून ठेका यावा अशी जागा.

आता मला ज्यासाठी हा धागा काढायचा होता ते.

बॉब विल्सला जॅझसारखं ऐन वेळी सुचेल ते वाजवता यायचं नाही. त्याची बोटं बापाच्या चालींतली; सूर सरळ, गज लांब, भावना भरपूर. त्याला ते माहीत होतं. म्हणून त्यानं स्वतःला जे येत नव्हतं ते येणारी माणसं जमवली, आणि चालू गाण्यात गजाचं टोक एखाद्याकडे रोखून त्याचं नाव पुकारलं. स्टील गिटारवाल्या लिऑन मॅकऑलिफला दिलेली 'टेक इट अवे, लिऑन' ही हाक तर सगळ्या टेक्ससला पाठ होती. कुणाकडे कधी गज वळेल ते कुणालाच माहीत नसायचं, त्यामुळे सगळे टक लावून बसलेले. मध्येच उंच आवाजात त्याचं 'आऽहाऽ'. ती आरोळी वडिलांच्या घरातली होती म्हणतात.

त्यामुळे झालं काय, की मागच्या रांगेतला वादक रेकॉर्डवर नावानिशी आला. घराघरांत त्या नावांची ओळख झाली. आपल्याकडे किती रेकॉर्डवर साथीदाराचं नाव असतं?

गिंबल १९४९ मध्ये या गजासमोर येऊन बसला. फिडल आणि इलेक्ट्रिक मँडोलिन, दोन्ही.

जुना_रेकॉर्डवाला

नावाचा मुद्दा अगदी जिव्हारी लागला. माझे वडील मुंबईच्या स्टुडिओंत आवाजमुद्रण विभागात होते. तिथले कितीतरी व्हायोलिनवाले गोव्याचे. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकून आलेले, लिहिलेलं बघून पहिल्या फटक्यात वाजवणारे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं ते सिनेमातल्या गाण्यामुळे, तेही लोकांना वाटलं की पात्राचं नाव आहे! हा माणूस प्यारेलालजींचा व्हायोलिनचा गुरू होता. मराठीत प्रभाकर जोगांनी 'गाणारं व्हायोलिन' लोकप्रिय केलं, म्हणून ते नाव तरी घराघरांत गेलं. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत त्यांचं व्हायोलिन असायचं. पण त्यांच्यामागे बसलेल्या वीस-पंचवीस जणांची नावं कोण सांगेल?

अवांतर झालं, क्षमस्व. पुढे लिहा.

खमाज

अवांतर कुठे, हेच तर मुख्य आहे. बरं, पाचवी तार राहिली.

सारंगा_ऑस्टिन

पाचवी तार. व्हायोलिनच्या चार तारा पाश्चात्त्य पद्धतीनं खालून वर जी, डी, ए, ई. गिंबलनं त्याखाली एक सी घेतली. म्हणजे व्हायोलाची खालची तार आणि व्हायोलिनची वरची, दोन्ही एकाच वाद्यात. आपल्या भाषेत मंद्र सप्तकात चार-पाच सुरांची जादा जागा.

याचा उपयोग काय? गाणारा बाप्या ज्या पट्टीत गातोय त्याच्या खाली जाऊन फिडल बोलू शकतं. गाण्याच्या ओळीच्या डोक्यावर न चढता तिच्या पोटातून जाता येतं. गिंबल ऐकताना मला सगळ्यात जास्त हे आवडतं. गायकाची ओळ संपते, पुढची सुरू व्हायला दीड-दोन मात्रा असतात, आणि तेवढ्यात हा एक वाक्य बोलून जातो. ना गायकाला अडवत, ना जागा रिकामी सोडत. स्टुडिओवाले ज्याला फिल म्हणतात ते.

दुसरं म्हणजे गज. पारंपरिक टेक्सस फिडलमध्ये नाचाच्या चालीला गजाची लगबग असते, प्रत्येक सुराला गज बदलतो. गिंबल एका गजात सुरांची लांब ओळ ओढतो आणि भलत्याच ठिकाणी गज उलटवतो, त्यामुळे वजन ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतं. समेवर यायच्या आधी मुद्दाम हुलकावणी देणाऱ्या तबलजीची आठवण येते. तरुणपणी त्याच्यावर क्लिफ ब्रूनर या जॅझ अंगानं वाजवणाऱ्या टेक्सन फिडलवाल्याचा मोठा प्रभाव होता.

रोखठोक

सगळं छान छान चाललंय म्हणून एक कडू गोळी. कापसाच्या वावरात काळ्या मजुरांकडून ब्लूज उचललं, बरोबर. मग त्या अठरा जणांच्या बँडमध्ये काळा वादक एक तरी होता का? आणि औषधं विकणाऱ्या फिरत्या खेळांमध्ये बॉब विल्स तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करायचा, तेही सांगा की. नाव पुकारलं, नाव पुकारलं म्हणताय. ज्यांच्याकडून शिकला त्यांची नावं कुणी पुकारली?

कापूसकोंड्या

रोखठोक, तुमचं म्हणणं खरं आहे. काजळी फासून केलेले खेळ हा इतिहास आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. त्या काळच्या टेक्सस-ओक्लाहोमात गोऱ्यांचे हॉल वेगळे, काळ्यांचे वेगळे, आणि प्लेबॉइज गोऱ्यांच्या हॉलमध्ये वाजवणारा गोऱ्यांचा बँड होता. बेसी स्मिथसाठी पन्नास मैल घोडा दामटवणारा माणूस तिला आपल्या स्टेजवर बोलावू शकला नसता. त्याची इच्छा किती होती, हा प्रश्नही उरतोच.

वावरातल्या त्या गाणाऱ्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आमच्या आजीच्या बरोबर वेचणीला येणाऱ्या बायकांची गाणी मी लिहून घेतली, तेव्हा बायांची नावं लिहायचं मलाही सुचलं नव्हतं. आता विचारायला कुणी नाही.

सारंगा_ऑस्टिन

यावर मला बचाव करायचा नाही. रोखठोक, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

आता कात्री.

पन्नासच्या दशकात वेस्टर्न स्विंगचा बाजार बसला. लोकांची आवड बदलली असं सहज म्हटलं जातं, पण पैशाचा हिशेब आधी बघा. युद्धखर्चासाठी अमेरिकन सरकारनं १९४४ मध्ये खाण्यापिण्यासोबत नाच-गाणं असणाऱ्या जागांच्या बिलावर ३० टक्के कर लावला. काही महिन्यांत तो २० टक्के झाला, पण युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षं तसाच राहिला. अठरा माणसांचा बँड पोसायचा कुणी? मग बँड बारीक झाले. त्यात टीव्ही आला, लोक शनिवारी रात्री घरी बसायला लागले. त्यावर १९५५-५६ मध्ये रॉक अँड रोल. चार पोरं, गिटार, ड्रम. फिडलची गरजच नाही. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल म्हणजे कंट्री रेकॉर्डांचं माहेरघर; तिथल्या लोकांनीही कंट्री गाण्यांतून फिडल काढून गुळगुळीत व्हायोलिनचे ताफे आणि कोरस घातले.

गिंबलला बायको, मुलं. तो केस कापायला शिकला. डॅलस, मग वेको. वेकोत त्यानं माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळातही न्हाव्याचं काम केलं. म्हणजे टेक्सस प्लेबॉइजमधला फिडलवाला दिवसभर म्हाताऱ्या सैनिकांची डोकी भादरतोय, आणि शनिवार-रविवारी कुठेतरी नाचाला वाजवतोय. वेकोच्या टीव्हीवर त्याचा 'जॉनी गिंबल अँड द होमफोक्स' असा छोटा कार्यक्रमही होता. स्टुडिओत साथीला बोलावलं की जायचा. मार्टी रॉबिन्स, लेफ्टी फ्रिझेल या कंट्री गायकांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डांच्या काळात डॅलसमध्ये त्याचं येणं-जाणं होतं.

बॉब विल्स न्हाव्याची खुर्ची सोडून फिडलकडे आला, गिंबल फिडलकडून खुर्चीकडे गेला. ही माहिती वाचली तेव्हा मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. माझं व्हायोलिन तेव्हा कपाटातच होतं, आणि मला तर इस्पितळात नोकरीही करावी लागत नव्हती.

आजोळ

किती वर्षं केलं असेल हे काम?

सारंगा_ऑस्टिन

पन्नासच्या दशकाचा मोठा भाग आणि साठचाही. १९६८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी त्यानं बिऱ्हाड उचललं आणि नॅशव्हिल गाठलं. बेचाळिसाव्या वर्षी स्टुडिओ वादक म्हणून शून्यापासून सुरुवात! माझ्या नवऱ्यानं पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलली तर सासूबाईंनी सत्यनारायण घातला होता.

जुना_रेकॉर्डवाला

नॅशव्हिलच्या स्टुडिओंची पद्धत मी वाचली आहे, ती इथे टाकतो. एक सत्र तीन तासांचं, वादकांच्या संघटनेच्या नियमानं. त्या तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची. नोटेशन लिहून आणायला वेळ नाही, म्हणून आकड्यांची पद्धत. जॉर्डनेअर्स या कोरसमधल्या नील मॅथ्यूज यांनी ती काढली आणि चार्ली मॅकॉय वगैरे मंडळींनी ती वादकांत रुळवली. कागदावर फक्त १, ४, ५, १. म्हणजे पट्टीतला पहिला सूर धरून त्यावरचं कॉर्ड, मग चौथ्यावरचं, पाचव्यावरचं. गायक म्हणाला, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या, तरी कागद तोच.

मला हसू आलं. हे आपलं सरगम नाही तर काय! सा हलवला, बाकी सगळं जागच्या जागी. मुंबईत गोव्याचे वादक स्टाफ नोटेशन मागायचे आणि हार्मोनियमवाला सारेगम लिहून द्यायचा, त्यावरून स्टुडिओत होणाऱ्या गमती वडील सांगायचे. नॅशव्हिलवाल्यांनी त्यातून मधली वाट काढली.

खमाज

व्वा. हे माहीतच नव्हतं. मग गिंबलला तिथे काम मिळालं?

सारंगा_ऑस्टिन

काम शोधत आलं. त्याला निमित्त मर्ल हॅगर्ड. कॅलिफोर्नियाचा मोठा गायक, लहानपणापासून बॉब विल्सचा भक्त. १९७० मध्ये त्यानं बॉब विल्सला वाहिलेली आख्खी तबकडी काढली. त्यासाठी जुन्या प्लेबॉइजना शोधून आणलं, त्यांत गिंबल. आणि हॅगर्ड स्वतः, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, काही महिने घासून फिडल वाजवायला शिकला! त्या तबकडीनं वेस्टर्न स्विंगला पुन्हा धुगधुगी आली. त्याच सुमाराला रे बेन्सन या तरुणाचा 'अस्लीप ॲट द व्हील' हा बँड उभा राहिला, पुढे त्यानं ऑस्टिनला बस्तान बसवलं. लांब केसांची हिप्पी पोरं, आणि वाजवतायत आजोबांच्या नाचाच्या चाली.

आणि मग डिसेंबर १९७३. हे लिहिताना मला दर वेळी त्रास होतो.

बॉब विल्सला १९६९ मध्ये पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, म्हणजे गज धरायचा हात गेला. ३ डिसेंबर १९७३ ला डॅलसच्या स्टुडिओत जुने प्लेबॉइज जमले. लिऑन मॅकऑलिफ, पियानोवर अल स्ट्रिक्लिन, ड्रमवर स्मोकी डेकस, गिटारवर एल्डन शँब्लिन, फिडलवर गिंबल वगैरे. चाकाच्या खुर्चीत बसवून बॉब विल्सला आणलं. वाजवणं शक्यच नव्हतं, पण तो तिथे बसला होता, क्षीण आवाजात मध्ये मध्ये काही बोललाही. पहिल्या दिवसाची गाणी झाली. त्या रात्री त्याला पुन्हा झटका आला आणि शुद्ध गेली.

दुसऱ्या दिवशी ते सगळे परत स्टुडिओत आले. मर्ल हॅगर्ड शिकागोतला आपला कार्यक्रम आटोपून रात्रभर गाडीनं येऊन पोचला. खुर्ची रिकामी. ठरलेली बाकीची गाणी त्यांनी वाजवली. बॉब विल्स त्यानंतर शुद्धीवर आला नाही; १३ मे १९७५ ला गेला. तबकडीचं नाव 'फॉर द लास्ट टाइम'.

मी ती ऐकताना पहिल्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची गाणी कोणती, हे ओळखायचा प्रयत्न करायचे. मग सोडून दिलं.

टिंबटिंब

अंगावर काटा आला ताई.

रोखठोक

मी एकदा कडू बोललो म्हणून दुसऱ्यांदाही ऐकून घ्या. गिंबल हा उत्तम कारागीर होता, मान्य. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यात दीड मात्रेची जागा भरणारा माणूस 'मोठा कलाकार' म्हणावा का? स्वतःचं असं काय निर्माण केलं?

जुना_रेकॉर्डवाला

अहो, एखाद्या ठुमरीतली सारंगी काढून टाका आणि मग गाणं ऐका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कानाला मिळेल. गायकाच्या मागून अर्ध्या श्वासाच्या अंतरानं जाणं आणि त्याला वाटू द्यायचं की हे मलाच सुचलं, यासारखी अवघड गोष्ट नाही. एकट्यानं वाजवणं परवडलं.

सारंगा_ऑस्टिन

रोखठोक, स्वतःचंही आहे. 'फिडलिन अराउंड' ही त्याची स्वतःची चाल आज फिडल शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोर वाजवतं. पण मी त्या वादात जाणार नाही, कारण मला मुळात 'स्वतःचं' ही कसोटी इथे लावावीशी वाटत नाही. कंट्री म्युझिक असोसिएशननं वर्षाचा सर्वोत्कृष्ट वादक म्हणून त्याला पाच वेळा निवडलं, पहिल्यांदा १९७५ मध्ये. म्हणजे इस्पितळातल्या न्हाव्याच्या खुर्चीपासून फार तर दहा-बारा वर्षांत. आणि हा पुरस्कार फिडलवाल्यांचा वेगळा नाही हं. गिटार, पियानो, स्टील गिटार सगळ्यांतून एक.

बाकी भराभर सांगते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तो टेक्ससला परतला. गायक विली नेल्सनबरोबर १९७९ ते ८१ दौरे केले. क्लिंट ईस्टवूडच्या १९८२ च्या 'हाँकीटाँक मॅन' या सिनेमात छोटी भूमिका केली. कुणाची? बॉब विल्सची! ज्याच्या गजाच्या टोकाकडे नजर लावून तरुणपण गेलं, त्याचाच गज हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर. 'ही हॉ' या टीव्ही कार्यक्रमात चेट ॲटकिन्स, फ्लॉइड क्रेमर, चार्ली मॅकॉय अशा दिग्गज साथीदारांचा 'मिलियन डॉलर बँड' होता, त्यात हाही. सगळे मागच्या रांगेतले लोक पुढे आणून बसवलेले. १९९४ मध्ये लोककलांसाठीची राष्ट्रीय पाठ्यवृत्ती, अस्लीप ॲट द व्हीलबरोबर ग्रॅमी, १९९९ मध्ये बॉब विल्स आणि प्लेबॉइजसोबत रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये. ज्या रॉकनं फिडल घरी बसवलं त्याच रॉकच्या दालनात!

उतारवयात तो आणि घरचे मिळून फिडल शिकणाऱ्यांची शिबिरं घेत. मुलगा डिक बास वाजवतो, नात एमिली पियानो वाजवते आणि गाते, तीही काही काळ अस्लीप ॲट द व्हीलमध्ये होती. ९ मे २०१५ ला ऑस्टिनजवळ मार्बल फॉल्सला गिंबल गेला, एकोणनव्वद पुरायला तीन आठवडे कमी. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं ते २०१८ मध्ये, आणि तेही 'साथीचे वादक' याच गटातून.

आजोळ

जिवंतपणी लागलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडेही हेच.

कापूसकोंड्या

टर्की गावात दर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बॉब विल्सच्या नावानं जत्रा भरते. नाच, फिडलच्या स्पर्धा. ताई, तुम्ही टेक्ससात आहात तर जाऊन या आणि फोटो टाका. आजूबाजूला अजून कापूसच आहे म्हणतात. बोंडं कशी आहेत तेही बघा जमलं तर.

सारंगा_ऑस्टिन

एप्रिलच्या शेवटी बोंडं कुठली हो! पेरणीसुद्धा व्हायची असेल. पण जाईन. गाडीनं सात-आठ तास.

कापूसकोंड्या

बरोबर, बरोबर. आमच्या वेळापत्रकानं बोललो.

खमाज

ताई, शेवटचा प्रश्न. कपाटातलं व्हायोलिन उतरवलंत की नाही?

सारंगा_ऑस्टिन

उतरवलं. गजाचे केस किड्यांनी खाल्ले होते, ते नवीन बसवले. आपल्याकडचं लावणं सा-पच्या हिशेबात असल्यानं तारा सोडून पुन्हा लावाव्या लागल्या. उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायचं म्हणजे मान अवघडते, अजून सवय नाही. टू-स्टेप नाचाचा ठेका धरला की माझा हात आपोआप दुर्गात जातो. फिडलवाले मास्तर म्हणतात, जाऊ दे, फक्त वेळेवर परत ये. आता मनात आहे की याच व्हायोलिनला पाचवी खुंटी बसवून घ्यावी.

जुना_रेकॉर्डवाला

अजिबात नको! चार तारांच्या डोक्यात पाचवं भोक पाडलंत तर चीर जाईल. मानही अरुंद पडेल, बोटं एकमेकांवर चढतील. पाच तारांचं वेगळं तयार मिळतं, ते घ्या. नाहीतर आहे त्यावरची ई काढा, बाकीच्या तीन एकेक घर वर सरकवा आणि खाली व्हायोलिनच्या लांबीची सी लावून बघा. वरचं थोडं जाईल, पण खालचं ऐकायला मिळेल.

सारंगा_ऑस्टिन

हे सुचलंच नव्हतं. तार मागवते.